चोवीस बाटल्या आणि कापलेल्या सुतळ्या

एप्रिलमधला शनिवार, ईस्टरचा आदला दिवस. सकाळी साडेनऊ. हॉटेलची मागची बाजू, धुलाईघराच्या भिंतीलगतचं कडुनिंबाचं झाड.

हजर: मी, म्हणजे स्टोअर्स आणि बारची खरेदी बघणारी. शेफ अस्लमभाई. सिक्युरिटीचे गायकवाड. ओल्या वाळूत आडव्या घातलेल्या इटालियन वाईनच्या चोवीस बाटल्या.

गैरहजर: स्टोअर अटेंडंट धोंडिरामदादा. आणि चोवीस बाटल्यांपैकी एकीवरही लेबल नाही.

त्या दिवशीच्या माझ्या वहीत पहिली नोंद अशी आहे. वही मी सव्वीस वर्षं ठेवते आहे, पण इतकी हजेरी घेण्याची वेळ फार क्वचित आली.

आधी कामाबद्दल सांगते. पुंडलिकनगरात आमच्या शेजारणी विचारतात, "वहिनी, हॉटेलात नेमकं काय करता?" मी सांगते, "भांडार सांभाळते." ते खोटं नाही. तांदूळ, तेल, टिश्यू पेपर, साबण सगळं माझ्याकडेच. पण त्याच भांडाराला लागून एक बारा बाय दहाची थंड खोली आहे. तिच्यात कोणती वाईन यायची, कोणत्या जेवणाला कोणती द्यायची, हेही मीच ठरवते. आणि मी स्वतः आयुष्यात एक घोट घेतलेला नाही. घरी कुणी घेत नाही, मला वासही फारसा आवडत नाही. ही गोष्ट पाहुण्यांना कळली की ते आधी हसतात आणि मग काळजीत पडतात.

न चाखता वाईन कशी निवडायची? माझी रीत साधी आहे. जेवण संपलं की मी वेटरांना टेबल लगेच आवरू देत नाही. आधी फेरी मारते. कोणत्या ग्लासात किती उरलं, समोरच्या ताटात कोणता पदार्थ होता, एवढंच लिहायचं. माणूस तोंडानं "व्हेरी नाइस" म्हणतो, ग्लास खोटं बोलत नाही. वाळूजच्या कारखान्यांमुळे आमच्याकडे जर्मन येतात, कोरियन येतात, वेरूळची लेणी बघायला सगळ्या जगाची माणसं येतात. सव्वीस वर्षांच्या अर्ध्या ग्लासांनी मला जे शिकवलं ते पुरेसं आहे. बजाजनगरचे एक ठेकेदार होते, ते दर वेळी सर्वांत भारी लाल वाईन मागवायचे आणि तिच्यात बर्फ आणि सोडा घालायचे. आमचा बारमन तोंड फिरवायचा. मी वहीत लिहिलं: ग्लास रिकामा. वाद संपला.

आता त्या ईस्टरबद्दल. वाळूजला एका इटालियन कंपनीचा कारखाना आहे. तिथले तांत्रिक प्रमुख मारिओसाहेब तीन वर्षं ईस्टरला घरी जाऊ शकले नव्हते. त्या वर्षी त्यांची एक्क्याऐंशी वर्षांची आईच इकडे आली. आपल्याकडे दिवाळीला लेक येते तसं, फक्त उलटं. त्यांनी आमच्याकडे रविवारी दुपारचं जेवण ठरवलं, अठरा माणसांचं. कोकराचं मटण, पालक आणि अख्खी अंडी मैद्याच्या पारीत भरून भाजलेला मोठा 'पाय', कबुतराच्या आकाराचा गोड पाव, शेवटी चॉकलेटचं अंडं. "वाईन तुम्ही निवडा," ते मला म्हणाले, "पण सगळ्या इटलीच्या हव्यात."

मी मागच्या ईस्टरची पानं काढली. तेव्हा अंड्याच्या पायसोबत आम्ही लाल वाईन दिली होती आणि अकरा ग्लास अर्धे परत आले होते. म्हणजे अंड्याला पांढरी, हलकी. तिच्यासाठी सोआवे घेतली. सुरुवातीला उभ्याउभ्या प्यायला फेसाळ प्रोसेक्को. शेवटी चॉकलेटसोबत रेचोतो, म्हणजे द्राक्षं आधी सावलीत सुकवून मग केलेली गोड लाल वाईन. आणि मुख्य म्हणजे कोकरासोबत मोन्तेपुल्चानो, कोरडी, ठसठशीत लाल. ती आब्रुत्सोची, डोंगराळ, मेंढपाळांच्या भागातली. मारिओसाहेबांची आई तिथलीच. हे मला आठवण म्हणून नाही, यादीत लिहून ठेवलेलं म्हणून माहीत होतं. प्रत्येकी सहा बाटल्या. मारिओसाहेबांची एकच अट होती: कोकराची पहिली बाटली ते स्वतः आईसमोर उघडणार.

माल लावताना धोंडिरामदादा माझ्यासोबत असायचे. दादा वेरूळजवळच्या एका वस्तीचे, धनगर घरातले. लहानपण मेंढरांमागे गेलं, मग आमच्याकडे लागले. मराठी अक्षर जोडून जोडून वाचायचे, इंग्रजी नाही, मग इटालियन कुठून. म्हणून मी प्रत्येक बाटली ठेवताना सांगायचे, "दादा, ही फेसाची. ही अंड्याची. ही डोंगरातली, तुमच्यासारख्या मेंढरंवाल्यांच्या मुलखातली. ही गोडाची." ते मान डोलवायचे. "व्हय, डोंगराची हिकडं."

बुधवारी सगळं जागेवर होतं. गुरुवार-शुक्रवार मी जालन्याला नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेले. त्याच गुरुवारी सकाळी थंड खोलीचा एसी जळाला. मेकॅनिक म्हणाला, भाग शनिवारी येईल. खोलीला वरून पत्रा. आतला पारा दुपारी छत्तीसवर गेला. वाईनला एवढी उष्णता दोन दिवस मिळाली की ती शिजल्यासारखी होते, मग फेकायचीच.

दादांनी कुणाला विचारलं नाही. बाटल्या उचलून कडुनिंबाखाली नेल्या, बांधकामाची उरलेली वाळू भिजवली, एकेक बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्यात आडवी घातली, आणि दिवसातून चार वेळा पाणी मारलं. रानात मेंढरांमागे फिरताना त्यांच्या घरची माणसं लोणी असंच जपायची. शुक्रवारी संध्याकाळी ते ठरलेल्या सुट्टीवर गावी गेले. जाताना गायकवाडांकडे वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला लेबलांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, "ताईला द्या. म्हणावं बाटल्या वाळूत हायेत." कारण ओल्या गोणपाटानं वाईन वाचली होती, पण लेबलं सुटून आली होती.

शनिवारी सकाळी मी आले, बाटल्यांना हात लावून बघितला. गार. थर्मामीटर वाळूत खुपसला, चोवीस अंश. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच कामाला लागले. आणि इथंच चूक केली. प्रत्येक बाटलीच्या मानेला मळकी, ओली सुतळी बांधलेली होती. मला वाटलं, उचलायला सोयीची म्हणून बांधली असेल. मी कात्री मागवली आणि चोवीसच्या चोवीस सुतळ्या स्वतः कापून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. मग बाटल्या पुसल्या, टेबलावर रांगेत मांडल्या आणि वही उघडली.

फेसाच्या सहा लगेच कळल्या, जाड काच आणि तोंडाला तार. अंड्याच्या सहा काचेतून पिवळसर दिसत होत्या. उरल्या बारा. डोंगराच्या सहा, गोडाच्या सहा. दोन्ही गडद काचेच्या, दोन्हींच्या तोंडावर तांबडं टोपण, आकार तोच, उंची तीच. माझ्या वहीत दोन्हींपुढे शब्दशः एकच वर्णन होतं.

अस्लमभाई कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मॅडम, ये तो सब जुळे भाई दिखरे."

"उन्हात धरून बघू."

धरलं. दोन्हींत अंधार. मग अस्लमभाईंनी किचनचा वजनकाटा आणला. गोड वाईन साखरेमुळं जड असणार, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण काचेचंच वजन बाटलीगणिक इतकं वेगळं निघालं की काट्यानं हात टेकले. "उघडके देखो ना," ते म्हणाले. "बूच पे नाव रहता."

ते मलाही माहीत होतं. पण बाटली पाहुण्याच्या डोळ्यांसमोर उघडायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. किचनमध्ये उघडून आणलेली बाटली म्हणजे शंका. शिवाय एक उघडून एकच कळते, बारा कळायला बारा उघडाव्या लागतात. आणि आंधळेपणानं लेबल लावून एकही चुकलं, तर मारिओसाहेब आईसमोर कोकराची बाटली उघडणार आणि ग्लासात पाकासारखी गोड वाईन पडणार.

एवढ्यात जनरल मॅनेजर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण मारिओसाहेबांच्या कंपनीचे पाहुणे वर्षभर आमच्याकडे उतरायचे. त्यांनी बाटल्या बघितल्या, वाळू बघितली, आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

गायकवाड म्हणाले, "धोंडिरामनं."

साहेबांनी पंधरा मिनिटांत पत्र तयार केलं. हलगर्जीपणा, मालाचं नुकसान, चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. दादांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी म्हणाले, "सर, वाईन वाचवली त्यांनी."

"कोणती वाईन, ते सांगा," साहेब म्हणाले. "उद्या साडेबारापर्यंत सांगितलंत तर पत्र फाडतो."

दादांचा फोन लागेना. दुपारी एक वाजता मी हॉटेलची गाडी घेऊन वेरूळच्या रस्त्याला लागले. वस्तीवर कळलं, भावाच्या मेंढरांची लोकर कातरणं चालू आहे, टेकडीच्या पायथ्याशी. उन्हात चालत गेले. दादा गुडघ्याखाली मेंढी दाबून बसले होते. मला बघून कातर थांबली.

"ताई, तुम्ही? हितं? कोण गेलं काय?"

"कुणी गेलं नाही, दादा. बाटल्या..."

"फुटल्या?"

"फुटल्या नाहीत. लेबलं नाहीत ना, डोंगराची कोणती आणि गोडाची कोणती, कळेना."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की सूर्य कुठून उगवतो. "सुतळीला गाठी हायेत की. फेसाला एक, अंड्याला दोन, डोंगराला तीन, गोडाला चार. लेबलं निसटाया लागली तवाच बांधल्या."

मग त्यांनी विचारलं, "सुतळ्या कुठं हायेत?"

"कापल्या."

"कुणी?"

"मी."

"समद्या?"

"सगळ्या. चोवीस."

शेजारी बसलेला त्यांचा भाऊ खदखदून हसला. "मोजून कापल्या व्हय, बाई! लई यवस्थित काम केलं."

दादा हसले नाहीत. "गाठ दिसल्यावर कोन कापतंय, ताई? गाठ कुनीतरी कायतरी म्हणूनच मारली असंल ना."

मी पत्राबद्दल सांगितलं. त्यांनी मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "एक वरीस ऱ्हायलं होतं. आता चोर म्हणून घरी बसायचं."

"चोर नाही लिहिलं, दादा. हलगर्जी लिहिलंय."

"त्येच ते. गावाला काय फरक?"

"दादा, आता काहीच मार्ग नाही का?"

"हाय की." त्यांनी अंगठा दाखवला, लोकरीच्या तेलानं चकाकत होता. "बाटलीच्या बुडाला खवले असत्यात. डोंगरवालीचे बारीक, दाट, अंगठ्याला टोचत्यात. गोडवालीचे लांब लांब. गुंडाळताना हाताला लागलं."

"मग गाठी कशाला मारल्या?"

"त्या तुमच्यासाठी," दादा म्हणाले. "मला कशाला लागत्यात?"

मी त्यांना तेव्हाच गाडीत बसवून आणणार होते. ते नाही म्हणाले. "हाताला तेल हाय, आज काय कळायचं नाय. अकरा मेंढरं ऱ्हायलीत. सकाळी हात धुऊन येतो. येतो म्हणजे येतो."

परत येऊन मी आधी कचऱ्याची पिशवी उलटी केली. चोवीस सुतळ्या. आता बघितल्यावर गाठी स्वच्छ दिसत होत्या, एक, दोन, तीन, चार, सारख्या अंतरावर, घट्ट. इतकी नेटकी यादी मीही कधी केली नव्हती. मग बाटल्यांच्या बुडावर माझा अंगठा फिरवून बघितला. मला सगळ्या सारख्याच टोचल्या.

रविवारी आठ वाजता दादा दारात. हात राखेनं आणि मग साबणानं धुतलेले. ते भांडाराच्या फरशीवर मांडी घालून बसले, एकेक बाटली मांडीवर आडवी घेतली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बुडावर अंगठा फिरवू लागले. "डोंगर." खाली उजवीकडे. "गोड." डावीकडे. "डोंगर. डोंगर. गोड." अस्लमभाई दारात उभे होते. अकरा झाल्या. बाराव्या बाटलीवर अंगठा थांबला. पुन्हा फिरवला.

"हिचं बूड घासलंय. नाय सांगता यायची."

अस्लमभाईंच्या तोंडून "या अल्ला" निघालं.

मी मोजलं. उजवीकडे सहा, डावीकडे पाच. वहीत दोन्हीकडे सहा-सहा. "दादा, ही गोड."

दादांनी दोन्ही रांगा बघितल्या आणि पहिल्यांदाच हसले. "बघा. तुमची यादीबी कामाला येती."

गव्हाच्या पिठाची खळ केली आणि लेबलं चिकटवली. दहा वाजता मी नोंदवही घेऊन साहेबांसमोर गेले. कालच्या पानावर लिहिलं होतं: एसी बंद असताना माल धोंडिराम यांनी वाचवला. ओळखीच्या खुणा त्यांनी बांधल्या होत्या. खुणा मी कापल्या. खाली सही.

साहेबांनी वाचलं. "हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर. रोजची नोंद आहे."

"आणि बाटल्या?"

"ओळखल्या."

"अंगठ्यावरून ओळखल्या ना?" त्यांनी पत्र खणात ठेवलं. "दुपारी बघू."

साडेबारा. मारिओसाहेबांच्या आई छोट्या चणीच्या, काळा पोशाख, पांढरे केस मागे बांधलेले, पाठ ताठ. प्रोसेक्को झाली, पाय आणि सोआवे झाली. मी खांबाशी उभी राहून ग्लास बघत होते. कोकरू आलं. मारिओसाहेबांनी बाटली घेतली आणि लेबल आईला दाखवलं. ते जरासं तिरकं लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे एक भुवई उचलली. मी खांबाकडे बघितलं. बूच निघालं. त्यांनी ते आईच्या हातात दिलं. आजींनी चष्मा लावून त्यावरचं नाव वाचलं, नाकाशी नेलं आणि मुलाच्या गालावर थाप मारली. मी किचनमध्ये जाऊन स्टुलावर बसले आणि अस्लमभाईंनी न विचारता चहा दिला.

जेवण संपल्यावर मी मारिओसाहेबांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. ते आईला भराभर त्यांच्या भाषेत सांगत गेले आणि आजी उठून थेट किचनच्या दारापर्यंत आल्या. दादा तिथं भिंतीला टेकून उभे होते. आजींनी त्यांचा उजवा हात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि म्हणाल्या, "पेकोरा."

"मेंढी," मारिओसाहेब म्हणाले. "माझे वडील मेंढपाळ होते. ती म्हणते, हा वास साबणानं जात नाही."

दादा ओशाळले. "धुतले होते हो, राखेनं." मग हळूच मला म्हणाले, "बाईला वळख बरोबर पटली."

आमचे मॅनेजर साहेब मागं उभे होते. त्यांनी काही भाषण केलं नाही. ऑफिसमध्ये गेले, खणातलं पत्र घेऊन भांडारात आले आणि त्याचे चार तुकडे करून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी वहीत लिहिलं: कोकरू, मोन्तेपुल्चानो, ग्लासात उरलेलं काही नाही.

दादांनी उरलेलं वर्ष पूर्ण केलं आणि शाल-नारळ घेऊन गावी गेले. निरोपसमारंभात मी बोलायला उभी राहिले. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पाच मुद्दे. चौथा मुद्दा सुतळ्यांचा होता. तोंडी माफी मी त्यांच्याकडे कधीच मागितली नव्हती. विषय काढला की ते विचारायचे, "ताई, साबणाचा माल आला का?" निरोपाच्या दिवशीही मी तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर गेले.

आता माझ्याही निवृत्तीला फार वेळ नाही, आणि माझ्यानंतर येणाऱ्यासाठी मी भांडाराचे नियम लिहून ठेवते आहे. 'एसी बंद पडल्यास' या पानावर वाळू आहे, गोणपाट आहे, चार वेळा पाणी आहे. 'गाठी' असा मथळा घालून खाली जागा सोडली आहे. दादांच्या सुतळ्या बघून मी मारलेल्या गाठी ओल्या झाल्या की सैल पडतात. दादांच्या नाही पडल्या. त्या कशा मारायच्या हे त्यांच्याकडूनच शिकायला हवं.

त्या चोवीस सुतळ्या एका पाकिटात आहेत, माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पाकिटावर दादांचं नाव लिहिलेलं आहे. वेरूळ इथून तासाभराचंही नाही. माझ्या चालू यादीतल्या बाकी सगळ्या ओळींपुढे खूण आहे, फक्त सातव्या ओळीपुढे नाही. 'धोंडिरामदादांकडे जाणे. सुतळ्या परत देणे. कापल्याबद्दल बोलणे. मग गाठ शिकणे, याच क्रमानं.'